वस्तीवरचा करपा: कॅलिफोर्नियातले सहा दिवस

मी एकतीस वर्षं भूसंपादन कार्यालयात काढली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कुठल्या जिल्ह्यात, ते जाऊ दे. धरण, कालवा, बायपास, औद्योगिक वसाहत, जे येईल त्याची फाइल उघडायची. चावडीवर कलम ४ ची नोटीस, संयुक्त मोजणी, हरकती, निवाडा, मोबदला, ताबा पावती. पावतीवर शेवटचा अंगठा उमटला की सगळे कागद रुमालात बांधून अभिलेख कक्षात. त्या जमिनीचं पुढे काय झालं ते बघायला परत जायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाला हौसही नव्हती.

असा माणूस निवृत्तीनंतर मुलीकडे फ्रीमाँटला आला. एका रविवारी जावई शेजारच्या हेवर्ड गावातल्या गोदामातून कपाट आणायला निघाला, मी बरोबर गेलो. खाडीच्या बाजूला गोदामांच्या रांगा, ट्रक, जाळीची कुंपणं. मध्येच एका वीज प्रकल्पाची पाटी दिसली: रसेल सिटी एनर्जी सेंटर. मी विचारलं, "ही सिटी कुठंय?" जावई म्हणाला, "सिटी कसली बाबा, इथे गोदामंच आहेत." कपाट आलं, जोडून झालं, पण माझ्या डोक्यातून ती पाटी जाईना. गावच नाही तर नाव कुणाचं? हा प्रश्न माझ्या जुन्या धंद्यातला होता. आमच्याकडेही बुडालेल्या गावांची नावं धरणाला नाही तर एसटीच्या थांब्याला उरतात. मुलीने दोन संध्याकाळी बसून मला काय काय वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्हाला काशीयात्रा नको, हीच यात्रा हवीय ना? चला." तिने रजा टाकली. ही बरोबर होतीच. जावयाने घर सांभाळलं.

पहिला दिवस, शनिवार: हेवर्ड

डेपो रोडवर गाडी लावून चालत निघालो. बघायला काही नाही, हे आधीच सांगतो. सपाट जमीन, सरळ रस्ते, वाऱ्याला खाडीचा खारट वास. आमच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या दिवशी असतो तसा शुकशुकाट.

इथे साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रसेल सिटी होतं. दुसऱ्या महायुद्धात इथल्या जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये कामाला टेक्सास-लुइझियानाकडून कृष्णवर्णीय लोक हजारोंनी आले. हेवर्डमध्ये त्यांना घर विकत मिळेना. खरेदीखतातच अट असायची, की हे घर गोऱ्याशिवाय कुणाला विकायचं नाही. रसेल सिटी कुठल्याच शहराच्या हद्दीत नव्हतं, तिथे जमीन मिळायची. त्यांनी ती घेतली, आणि मेक्सिकन कुटुंबांनीही. माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने घरं बांधली. मागच्या अंगणात डुकरं, कोंबड्या, भाजीचे वाफे. सात चर्च होती. ब्लूजचे क्लब असे, की रे चार्ल्स, एटा जेम्स, बिग मामा थॉर्नटन तिथे गाऊन गेले. डांबरी रस्ता नव्हता, तरी गाड्यांची रांग लागायची म्हणे.

नळाचं पाणी नव्हतं. गटार नव्हतं. विहिरी आणि आडोशाचे संडास. लोकांनी काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या यंत्रणेकडे, वर्षानुवर्षं मागणी केली, आणि ती दरवेळी नाकारली गेली. मग एके दिवशी त्याच काउंटीने ठरवलं, की या वस्तीत पाणी नाही, गटार नाही, तेव्हा ही वस्ती 'ब्लाइटेड' आहे.

हा शब्द मी मुलीला दोनदा विचारला. ब्लाइट म्हणजे बटाट्यावर, टोमॅटोवर पडतो तो करपा. कायद्याच्या पुस्तकात तो माणसांच्या वस्तीला लावलाय. करप्यावर शेतकरी काय करतो? लागलेली झाडं उपटतो आणि जाळतो, म्हणजे बाकीच्या पिकाला लागायला नको. एखाद्या वस्तीचं काय करायचं ते एका शब्दात ठरवून ठेवलेलं होतं. आम्ही निवाड्यात 'पडीक' लिहायचो, 'पोटखराब' लिहायचो, तेव्हा त्या शब्दाने दर किती खाली येतो हे आम्हाला पाठ होतं. पण करपा! मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला दाद दिली पाहिजे.

१९६३ पासून घरं रिकामी करून घ्यायला सुरुवात झाली, तीन वर्षांत गाव संपलं. २०५ कुटुंबं, ३३ धंदे, सगळी मिळून चौदाशेच्या आसपास माणसं. प्रयोजन: औद्योगिक क्षेत्र. ते झालं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. त्यातल्याच एका गोदामातून आमचं कपाट आलं.

आणखी एक गोष्ट. तो वीज प्रकल्प थंड ठेवायला पाणी लागतं, ते शेजारच्या हेवर्डच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं. ज्या गावाला गटार मिळालं नाही म्हणून ते उठवलं, त्याच परिसरात आज अख्ख्या शहराचं गटार येऊन पोचतं, आणि त्याच पाण्यावर त्या गावाचं नाव लावलेला कारखाना चालतो. हे मी हिला समजावून सांगितलं. तिने कुंपणापलीकडे वाफ सोडणाऱ्या त्या धुडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाव तरी कशाला ठेवलं मग?"

हेवर्डच्या नगर परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठराव करून माफी मागितली. जुने रहिवासी आणि त्यांची मुलंबाळं अजून दरवर्षी एकत्र जमतात. ठिकाण नसलं तरी गावची जत्रा होते, हे मला धरणाखालच्या गावांमुळे नवीन नव्हतं.

दुसरा दिवस, रविवार: वेस्ट ओकलंड

फ्रीमाँटहून बार्ट नावाची लोकल पकडली. वेस्ट ओकलंडचं स्टेशन पुलावर आहे, खाली सेव्हन्थ स्ट्रीट. उतरलो आणि पहिल्यांदा जाणवला तो आवाज. गाडी गेली की खालच्या माणसाचं बोलणं अर्धवट राहतं, ती दूर जाईपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत उभे.

हा रस्ता एके काळी कृष्णवर्णीय ओकलंडची बाजारपेठ होता. खंड ओलांडून येणारी रेल्वे इथे संपायची. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत बिछाने घालणारे, सामान उचलणारे पोर्टर बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, आणि त्यातल्या अनेकांचं घर इथे. १९२५ मध्ये त्यांनी स्वतःची युनियन काढली, बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. ओकलंडचे सी. एल. डेलम्स त्यातले एक पुढारी. पगार, टिप आणि युनियन यांच्या जोरावर इथे घरं झाली, दुकानं झाली, नाचगाण्याचे क्लब झाले.

मग तीन घाव पडले, एकाच ठिकाणी. १९५७ मध्ये सायप्रेस नावाचा दुमजली फ्रीवे वस्तीच्या मधोमध आला. त्याच्यामागून टपाल खात्याचं भलंमोठं केंद्र, त्यासाठी बारा चौक, म्हणजे चार रस्त्यांमधले घरांचे ब्लॉक, साफ केले, तीनशेहून जास्त घरं. शेवटी बार्टचा हा पूल, तोही नेमका बाजारपेठेवरून.

टपाल केंद्रासाठी १९६० मध्ये घरं पाडली ती लष्कराच्या जुन्या रणगाड्याने. मुलीने हे वाचलं तेव्हा मी म्हटलं, भाषांतरात चूक असेल. चूक नव्हती. ठेकेदाराने शर्मन रणगाडा विकत आणला आणि लाकडी घरांवरून फिरवला. मी जेसीबी पाहिलाय, पोलीस बंदोबस्त पाहिलाय, बायका जेसीबीपुढे आडव्या झालेल्या पाहिल्यात. पण ताबा घ्यायला रणगाडा!

इथे दराचं एक गणित सांगायला हवं, कारण ते माझ्या विषयातलं आहे. १९३० च्या दशकात एका सरकारी महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय राहतात तो भाग लाल. लाल भागात घरकर्ज देणं धोक्याचं. वेस्ट ओकलंड लाल होतं. कर्ज नाही म्हणजे डागडुजी नाही, गिऱ्हाईक नाही, म्हणजे किंमत खाली. वीस-तीस वर्षांनी सरकारच येतं आणि सांगतं, संविधानाप्रमाणे योग्य मोबदला, म्हणजे चालू बाजारभाव, घ्या. कागदावर काहीही चुकलेलं नसतं. आमच्याकडे निदान निवाड्याच्या रकमेवर दिलासा रक्कम मिळायची, आधी शेकडा पंधरा, १९८४ नंतर तीस. सक्तीने घेतोय याची ती भरपाई. इथे त्या काळात तसलं काही नव्हतं.

दुपारी मँडेला पार्कवेवर चाललो. रुंद रस्ता, मध्ये हिरवळ आणि झाडं, सायकलवाले. इथेच सायप्रेस फ्रीवे होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात त्याचा वरचा मजला खालच्यावर बसला, ४२ माणसं गेली. त्यानंतर सरकार तो तिथेच पुन्हा बांधायला निघालं, तेव्हा वस्तीने ठाम नकार दिला. फ्रीवे रेल्वे यार्डाच्या कडेने वळवला. जागा होती तर, वळवायला! ती १९५७ मध्येही तिथेच असणार.

एका चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. आम्ही पायरीवर टेकलो. आत बोलावलं, पण हिच्या हातात दशम्यांची पिशवी होती म्हणून संकोचली. बाहेरच बसून तीन गाणी ऐकली.

तिसरा दिवस, सोमवार: सॅन फ्रान्सिस्को

जून महिना आणि अंगावर स्वेटर, वर शाल. या शहराचा उन्हाळा म्हणजे आपलं महाबळेश्वर, तेही धुक्यातलं.

फिलमोर स्ट्रीट गिअरी बुलेव्हार्डवरून पुलाने जातो, खाली खोल खंदकासारखा रस्ता. त्या पुलावर उभं राहिलं की एक बाजू जपानी, दुसरी फिलमोर. १९४२ मध्ये इथल्या जपानी कुटुंबांना छावण्यांत नेलं, घरं रिकामी पडली, त्यात गोदीकामाला आलेले कृष्णवर्णीय राहायला आले. म्हणजे एका हुसकावणीच्या जागेवर वसलेली वस्ती दुसऱ्यांदा हुसकावली गेली, आणि परतून आलेले जपानीही त्यात पुन्हा सापडले. पन्नाशी-साठीच्या दशकांत पुनर्विकास यंत्रणेने इथले साठेक चौक आखले. १९५९ पासून त्या यंत्रणेवर जस्टिन हर्मन नावाचे साहेब होते. धडाडीचे अधिकारी. असे साहेब मी दोन पाहिले, बदलीच्या वेळी आम्ही सुटकेचा श्वास टाकला. त्यांच्या नावाचा मोठा चौक शहरात होता, २०१७ मध्ये ते नाव काढून टाकलं.

फिलमोरमध्ये ८८३ धंदे बंद झाले आणि ४,७२९ कुटुंबं उठली. यातले बहुतेक भाडेकरू. आणि भाडेकरूचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. मालकाला चेक मिळतो. ज्याची तीस वर्षं चूल तिथे पेटली तो पंचनाम्यात 'कब्जेदार' म्हणून एका ओळीत येतो आणि निवाड्याला पोचेपर्यंत गळतो. स्थलांतरितांना मदत द्यायचा देशव्यापी कायदा आला १९७० मध्ये, तोवर बुलडोझर बऱ्याच ठिकाणचं काम उरकून गेलेले होते. लेखक जेम्स बॉल्डविनने १९६३ मध्येच एका मुलाखतीत म्हटलं होतं, की 'अर्बन रिन्यूअल' म्हणजे 'निग्रो रिमूव्हल'. शहराचं नूतनीकरण म्हणजे काळ्यांची हकालपट्टी. मराठीत यमक जमत नाही, अर्थ पोचतो.

आता गंमत ऐका. उठवलेल्या लोकांना एक कागद दिला होता, 'सर्टिफिकेट ऑफ प्रेफरन्स'. पुढे इथे घरं बांधली की तुम्हाला अग्रक्रम. मुलीने हे वाचलं आणि मी ताडकन म्हणालो, "अगं, हा तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला!" तसाच. दाखला हातात, आणि घरं उभी राहीपर्यंत दशकं उलटलेली. मोकळे चौक वर्षानुवर्षं तारेच्या कुंपणात पडून होते. ज्याच्या नावे कागद, तो तोवर ओकलंडला नाही तर आणखी लांब पांगला, काही वारले. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून तो हक्क मुला-नातवंडांपर्यंत नेला. आमच्या टेबलावर दाखला मुलाच्या नावावर करून घ्यायला येणारे असेच यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. घडीवर कागद फाटलेला असायचा, मी मागून सेलोटेप लावून द्यायचो. माझ्याने तेवढंच व्हायचं.

फिलमोर स्ट्रीटवर एक जांभळट रंगाचं जुनं लाकडी घर आहे. तळमजल्यावर एके काळी बॉप सिटी नावाचा जाझचा अड्डा चालायचा. तो इथे नाही, पोस्ट स्ट्रीटवर. ते घर पाडण्याऐवजी उचलून चाकांवर घालून इथे आणलं, आणि पुढे त्यात कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांचं दुकान होतं. अडीच हजारांच्या आसपास जुनी घरं पाडली, त्यात अशी मोजकी हलवली. मी घराभोवती फिरून जोत्याकडे बघत होतो, सांधा कुठे दिसतो का. ही म्हणाली, "लोक बघतायत. मोजणी संपली असेल तर चहा घेऊ."

चौथा दिवस, मंगळवार: रस्त्यावर

दिवसभर गाडीत. आय-५ नावाचा सरळ रस्ता, दोन्हीकडे बदामाच्या बागा, मध्ये एका ठिकाणी हजारो गुरांच्या गोठ्यांचा वास पंधरा मिनिटं पुरला. दशम्या, लसणीची चटणी, पेट्रोलपंपावरची पाणचट कॉफी.

मुलगी गाडी चालवताना प्रश्न विचारत होती, तिला वकिली करायची होती एके काळी. इथल्या संविधानात 'सार्वजनिक उपयोग' असा शब्द आहे. १९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातला एक दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेला, माझं दुकान तर धडधाकट आहे, म्हणाला. न्यायालयाने एकमताने सांगितलं, दुकान चांगलं असेल, पण भाग करपलेला आहे, आणि भाग अख्खाच बघायचा. त्या भागातून वीस हजारांहून जास्त माणसं उठली, बहुतेक कृष्णवर्णीय. दोन वर्षांनी महामार्गाचा कायदा आला. शंभरातले नव्वद डॉलर वॉशिंग्टनचे. फुकटच्या पैशाचा रस्ता, आणि आखणी करणाऱ्याला स्वस्त जमीन हवी, विरोध न करणारे लोक हवेत. लाल नकाशा तयारच होता.

"तुम्ही कधी आखणी बदललेली पाहिलीत का बाबा?" तिने विचारलं.

पाहिली होती. एकदा. एका पुढाऱ्याच्या द्राक्षबागेसाठी कालवा वळला आणि पलीकडच्या वस्तीवर आला. ती वस्ती कुणाची होती हे मी तिला सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. आपल्याकडे गावकुसाबाहेर कोण राहतं हे सांगावं लागत नाही.

त्या वस्तीतली एक म्हातारी आठवली. संयुक्त मोजणीत झाडं मोजतात: चिंच एक, बाभूळ चार. तिच्या दारात मोगऱ्याचं झुडूप होतं. ती म्हणाली, हे पण लिवा की. मी म्हटलं, आजी, फुलझाडाला दर नाही. ती म्हणाली, मग नुसतंच लिवा. मी लिहिलं नाही. रकाना नव्हता.

रात्री लॉस एंजेलिसला मोटेलात पोचलो तेव्हा पाय सुजले होते.

पाचवा दिवस, बुधवार: वेस्ट ॲडम्स

आदल्या दिवसाचा शीण होता, म्हणून एकच जागा. हार्वर्ड बुलेव्हार्डवर एक पांढरं टुमदार घर आहे, हॅटी मॅकडॅनियलचं. ऑस्कर मिळालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, १९४० मध्ये. या टेकाडाला शुगर हिल म्हणत. नट, विमा कंपनीचे मालक, डॉक्टर असे पैसेवाले कृष्णवर्णीय इथल्या हवेल्यांत राहायला आले, तेव्हा काही गोऱ्या शेजाऱ्यांनी खरेदीखतातल्या अटीवर बोट ठेवून दावा लावला. १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी जागेची पाहणी करून तो फेटाळला. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानेही, दुसऱ्या खटल्यात, अशा अटी न्यायालयं अमलात आणणार नाहीत म्हणून सांगितलं.

खटला जिंकला. आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सांता मोनिका फ्रीवे आला तो शुगर हिलच्या अंगावरून. म्हणजे इथे करपाही नव्हता, गटारंही होती, बागेत कारंजी होती. मॅकडॅनियल १९५२ मध्येच गेली होती, तिचं घर वाचलं. रस्त्याच्या टोकाशी गेलो तर भिंत, आणि पलीकडे सतत घरघर, समुद्राच्या गाजेसारखी.

सहावा दिवस, गुरुवार: मॅनहॅटन बीच

जूनमध्ये इथल्या किनाऱ्यावर सकाळी ऊन पडत नाही. राखाडी ढग पाण्यापर्यंत उतरलेले. २६ आणि २७ नंबरच्या रस्त्यांमध्ये उतारावर हिरवळीचे टप्पे आहेत, बाकं आहेत. तळाशी किनाऱ्यालगत काउंटीच्या जीवरक्षकांची इमारत आणि गाड्यांचा तळ. आजूबाजूला काचेचे बंगले. या गावात कृष्णवर्णीय शंभरात एकसुद्धा नाही.

१९१२ मध्ये विला ब्रूस यांनी इथे समुद्राकाठचा एक प्लॉट घेतला, १,२२५ डॉलरला. नवरा चार्ल्स रेल्वेच्या भोजनडब्यात आचारी, त्यामुळे कारभार विलाबाईंचा. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीयांना समुद्रावर जायला जागा जवळजवळ नव्हतीच. बाईंनी खाण्याचा ठेला काढला, पोहण्याचे कपडे भाड्याने ठेवले, मग नाचाचा हॉल, राहायच्या खोल्या. १९२० मध्ये शेजारचा प्लॉटही घेतला. सुट्टीला लोक गाड्या भरून यायचे. बाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात वार्ताहराला सांगितलं होतं, जागा घ्यायला गेले तिथे नकार मिळाला, पण ही जमीन माझी आहे आणि मी ती ठेवणार.

त्रासही पहिल्या उन्हाळ्यापासूनच. समोरच्या वाळूचा पट्टा शेजारच्या जमीनदाराचा, त्याने दोर बांधून 'प्रवेश नाही' लावलं. पाणी समोर दिसतंय आणि पाय बुडवायला अर्धा मैल वळसा. लोकांनी वळसा घातला. नंतर रस्त्यावर गाडी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभी करायची नाही अशा पाट्या. टायर फोडणं. इमारतीखाली आग लावायचा प्रयत्न. तरी बाई हटेनात, तेव्हा १९२४ मध्ये नगर मंडळाने ठराव केला: या दोन चौकांत सार्वजनिक उद्यान हवं.

उद्यान हे सगळ्यात सोयीचं प्रयोजन आहे. विरोध करणारा बागेचा शत्रू ठरतो! तीसेक प्लॉट घेतले. बहुतेक गोऱ्यांचे आणि रिकामे. बांधकाम होतं ते ब्रूस आणि आणखी काही मोजक्या कृष्णवर्णीय कुटुंबांचं. त्यात जॉर्ज प्रायलो यांचं, जे सैन्यात धर्मगुरू होते. कागदावर बघाल तर कुणाला वेगळं काढलेलं नाही, सगळ्यांची सारखीच जमीन गेली. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी त्यात त्रुटी काढू शकलो नसतो.

ब्रूस दांपत्याने १,२०,००० डॉलर मागितले होते, जमिनीचे आणि नुकसानीचे मिळून. १९२९ मध्ये मिळाले १४,५००. हॉटेल १९२७ मध्येच पाडलेलं. पुढच्या पाच वर्षांत दोघंही गेले.

आणि उद्यान? पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तसंच पडून. मग गावातल्या कुणाला धास्ती वाटली, की प्रयोजन पूर्ण केलं नाही म्हणून वारस कोर्टात जातील. तेव्हा कुठे हिरवळ लावली. तीस वर्षांनी, आणि तीही भीतीपोटी! एक सुज्ञ कारकून तिथेही असणार, फाइल उघडून बघणारा.

बागेतल्या पाटीपाशी गेलो. २००७ मध्ये बागेला ब्रूस यांचं नाव दिलं, तेव्हाच्या मजकुरात एका गोऱ्या जमीनदाराच्या औदार्याचं कौतुक होतं. ते बदलून २०२३ मध्ये नवी पाटी बसवली. कुत्रा घेऊन फिरणारा एक गृहस्थ थांबला. म्हणाला, मी इथे बावीस वर्षं राहतो, ती पहिली पाटी कधी वाचलीच नव्हती.

ब्रूस यांचे दोन प्लॉट तळाशी, जीवरक्षकांच्या इमारतीखाली. ते १९४८ मध्ये राज्याकडे आणि १९९५ मध्ये काउंटीकडे गेले होते, हस्तांतर करायचं नाही या अटीवर. ती अट काढायला २०२१ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि जुलै २०२२ मध्ये खरेदीखत पणतवंडांच्या हातात दिलं. माझ्या एकतीस वर्षांत जमीन परत गेल्याची एकही फाइल नाही, म्हणून मी मुलीला ते दोनदा वाचायला लावलं. मोबदला वाढवून मिळाला, कलम १८ खाली कोर्टाने दुप्पट दिला, हे पाहिलंय. परत जमीन? त्याचा तर नमुनाच नव्हता छापलेला. आणि हेही लिहून ठेवतो: वरचा उतार गावाच्या मालकीचा, तिथल्या बाकीच्या कुटुंबांना काहीच परत मिळालं नाही. आम्ही ज्या हिरवळीवर डबा उघडला ती त्यांची.

मी उतरून इमारतीच्या बाजूने पावलं टाकली, सवय. जागा तशी लहान. साताऱ्याकडची दोन परसं होतील, एवढीच.

काउंटीने ती वारसांकडून आधी भाड्याने घेतली, वर्षाला ४,१३,००० डॉलर, आणि २०२३ मध्ये जवळजवळ दोन कोटी डॉलरला विकत. विकली म्हणून बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मी नाही. तिथे खाजगी काही बांधायची परवानगीच नव्हती. सरकारी इमारतीखालची जमीन उराशी धरून बसायची, ती कुणाच्या समाधानासाठी?

"आपण असतो तर विकली असती?" हिने विचारलं.

"दोन कोटी डॉलर? त्याच दिवशी, दुपारच्या आत."

"मी नसती विकली," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "म्हणजे, लगेच नसती विकली."

तिने चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि वाळूतून निघाली. अर्धा मैल वळसा नाही, सरळ. मुलगी वरून ओरडत होती की पार्किंगचा वेळ संपत आलाय. ही मागे न बघता पाण्यात शिरली, पाणी बर्फासारखं होतं, आणि तिथूनच माझ्याकडे वळून म्हणाली, "या की! कोण अडवतंय?"